सभा हव्यातच, पण त्यात तारखा ठरवा

‘समाजसेवा करणाऱ्या क्लबच्या सभांत हारतुरे आणि अहवालवाचनच चालतं, त्यापेक्षा थेट कामाला लागा,’ हे मत वाचलं. हारतुऱ्यांबद्दल पूर्ण सहमत. पण सभा बंद करू नका. रक्तदान शिबिराची तारीख तिथेच ठरते आणि रक्तदानात तारखेला फार महत्त्व आहे.

आपल्या ठाण्यात बरीच शिबिरं २६ जानेवारी, १५ ऑगस्ट किंवा एखादी जयंती धरून होतात. लाल पेशी साठवून ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) जेमतेम ५ दिवस. ऑगस्टमधलं रक्त दिवाळीपर्यंतही पुरत नाही. मे महिन्यात तर कॉलेजं बंद, माणसं गावी, आणि रक्तपेढ्यांत खडखडाट! थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना कसली सुट्टी?

म्हणून नौपाडा, वर्तकनगर, घोडबंदर रोड इथल्या क्लबांनी रक्तपेढीला विचारून महिने वाटून घ्यावेत. पुरुषांना ३ महिन्यांनी, स्त्रियांना ४ महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, त्यामुळे जुन्या दात्यांची यादी जपून ठेवा, त्यांना फोन करा. मे कुणीच घेत नसेल, तर मार्चच्या सभेत पहिला विषय तोच ठेवा. सोसायटीचा हॉल मिळवायला तेवढा वेळ लागतोच.