स्कायहॉक २००१ला निवृत्त, विक्री २०१२ला: एवढी वर्षं विमान टिकवतात कसं?

सोनेगाव_धावपट्टी: न्यूझीलंडनं डिसेंबर २००१मध्ये आपलं लढाऊ दलच बंद केलं. १७ ए-४के स्कायहॉक लढाऊ विमानं उरली. त्यातली ८ अमेरिकेच्या ड्रेकन कंपनीनं २०१२मध्ये घेतली. इतकी वर्षं उभी ठेवायची तर करतात काय? अन् नागपूरच्या हवेत जमेल का?

इंजिनवाला: पहिलं काम इजेक्शन सीटचं, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाचं. सीट अन् कॅनॉपीची (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) स्फोटक कार्ट्रिज काढून वेगळ्या कोठारात ठेवायची. त्याआधी कॉकपिटमध्ये कोणी बसायचं नाही. मग टाक्या पूर्ण रिकाम्या करायच्या. स्कायहॉकच्या पंखातच टाकी आहे, तळाशी पाणी राहिलं की त्यात बुरशी वाढते अन् आतून गंज धरतो. इंजिनाच्या इंधन प्रणालीत १०१० ग्रेडचं तेल फिरवायचं, नाहीतर फ्युएल कंट्रोलच्या (इंजिनाला इंधन मोजून देणारा भाग) आत गंज चढतो. शेवटी इनटेक अन् एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनात हवा जायचं अन् बाहेर पडायचं तोंड, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या टाकून बंद.

विदर्भ_एव्हिएशन: विक्री रखडली ती मुख्यतः कागदांवर. विमान अमेरिकी बनावटीचं, म्हणून तिसऱ्याला द्यायला वॉशिंग्टनची परवानगी लागते. तरी ही विमानं विकली गेली याचं श्रेय काहू सुधारणेला, म्हणजे न्यूझीलंडनं केलेल्या या विमानांच्या आधुनिकीकरणाला, द्यायलाच हवं. त्यात एपीजी-६६ रडार बसलं होतं, हे एफ-१६ या लढाऊ विमानाच्या रडारच्या घराण्यातलं. ड्रेकनसारख्या कंपनीला हवाई सरावात शत्रूची भूमिका करायला असंच विमान लागतं. साधं जुनं स्कायहॉक कोण घेणार होतं?

सोनेगाव_धावपट्टी: अन् नागपूरचं?

इंजिनवाला: मे महिन्याची कोरडी हवा धातूला चालते, पण रबरी सील अन् टायर वाळून चिरतात. उन्हात कॅनॉपीच्या ॲक्रिलिकलाही बारीक भेगा पडतात, पांढरं कापड टाकाच. खरा धोका जुलै ते सप्टेंबर. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट असतो, तिथं ओल बसली की पांढरी भुकटी दिसू लागते. शेडमध्ये डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवा. पिशव्यांजवळ ठेवलेलं, ओलीनं रंग बदलणारं आर्द्रतेचं कार्ड निळं असलं तर ठीक, गुलाबी झालं की जेल बदला. टायरवरचा भार जॅकवर घ्या.

विदर्भ_एव्हिएशन: एक भर घालतो. विमान पुन्हा उडवायचं की संग्रहालयात ठेवायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. स्कायहॉकचा पंख टोकापासून टोकापर्यंत एकसंध, सुमारे ८.४ मीटर. ट्रकवर न्यायला तो कापला, की ते विमान उडण्यातून कायमचं गेलं.