विषय: मोटरहोमची हाउस बॅटरी भरत नाही

नमस्कार मंडळी,

मोटरहोममध्ये हाउस बॅटरी म्हणून, म्हणजे राहण्याच्या भागातल्या विजेसाठी, ११० अँपिअर-अवरच्या दोन एजीएम (बंदिस्त लेड-ॲसिड) बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत. दिवसभर गाडी चालली तरी रात्री दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा एवढ्यावरच सकाळी ११.९ व्होल्ट. बाहेरून वीज जोडली की पॅनेलवर १३.६ दिसतात आणि हिरवा दिवा लागतो. बॅटऱ्या बदलायच्याच तर पुन्हा एजीएम घ्याव्यात की लिथियम?

——

उत्तर:

ताई, आत्ता काहीच घेऊ नका. ११.९ म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. पण ती खराब आहे की उपाशी, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पॅनेलवर तर मुळीच विसंबू नका. ते कुठल्या तरी वायरच्या टोकाशी मोजतं, बॅटरीच्या टर्मिनलवर नाही.

इंजिन चालू ठेवा आणि मल्टिमीटरने आधी स्टार्टर बॅटरीच्या (इंजिन सुरू करणारी) दोन टर्मिनलांत मोजा, मग हाउस बॅटरीच्या. दोन्हीत ०.३ पेक्षा जास्त फरक आला तर व्होल्टेज वाटेत गळतंय. कुठे, ते शोधायला वाटेतला एकेक तुकडा तपासा: स्टार्टरच्या प्लसपासून रिलेच्या (इंजिन चालू असताना स्टार्टर आणि हाउस बॅटरी जोडणारा स्विच) आत येणाऱ्या बोल्टपर्यंत, रिलेच्या दोन बोल्टांमध्ये, फ्यूजच्या दोन्ही बाजूंना, तिथून हाउस बॅटरीच्या प्लसपर्यंत. शेवटी स्टार्टर बॅटरीच्या मायनसपासून हाउस बॅटरीच्या मायनसपर्यंत. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि दोष नेमका तिथेच निघतो. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) असेल तर करंटही कळवा, पण तो डीसी मोजणारा हवा.

हे सगळं करंट वाहत असतानाच मोजायचं. इंजिन बंद असताना गंजलेला जोडही ठणठणीत दिसतो.

——

उत्तर:

दादा, मोजलं. स्टार्टरवर १४.३, हाउस बॅटरीवर १२.७, करंट १८ अँपिअर. तुकड्यांमध्ये: रिलेपर्यंत ०.०५, रिलेत ०.१, फ्यूजवर ०.९, पुढच्या वायरीत ०.२५, मायनसकडे ०.३. फ्यूजहोल्डरला हात लावला तर चटका बसतो, प्लॅस्टिक एका बाजूने तपकिरी झालंय.

——

उत्तर:

बेरीज बरोबर १.६ येते, म्हणजे मोजमाप चोख आहे. गुन्हेगार फ्यूजहोल्डर. ०.९ व्होल्ट गुणिले १८ अँपिअर म्हणजे १६ वॉट उष्णता, तीही अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत. आतली पात्याची पकड सैल पडली की जोड तापतो, तापला की काळवंडतो, काळवंडला की आणखी तापतो. नुसता फ्यूज बदलून भागणार नाही. पात्याचा होल्डर काढून बोल्टने आवळायचा मिडी फ्यूज बसवा. वायर ६ चौरस मिमी असेल तर ४० अँपिअरचा पुरे. त्याहून मोठा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळेल. आणि फ्यूज स्टार्टर आणि हाउस, दोन्ही बॅटऱ्यांजवळ एकेक हवा, कारण शॉर्ट झालं तर दोन्हीकडून करंट येतो.

मायनसचे ०.३ म्हणजे चेसिसवरचा (गाडीच्या सांगाड्यावरचा) बोल्ट. उघडा, रंग आणि गंज खरवडून धातू चकचकीत करा, वायरीच्या टोकाला नवीन लग (बोल्टात अडकणारी धातूची कडी) दाबून क्रिंप करा, आवळून वरून ग्रीस लावा.

एवढं झालं की करंट वाढेल आणि मग वायर अपुरी पडेल. ६ चौरस मिमीच्या ५ मीटर वायरीत ३० अँपिअरला सुमारे ०.४३ व्होल्ट जातात, १६ चौरस मिमीच्या वायरीत ०.१६. घालायचीच तर १६ची घाला.

आता बाहेरच्या विजेवरचं दुखणं. चार्जर सुरुवातीपासून शेवटपर्यंत १३.६ वरच बसत असेल, तर तो बॅटरी फक्त भरलेली राखतोय, पूर्ण भरत नाहीये. एजीएमला आधी १४.४ ते १४.७ व्होल्ट काही तास मिळायला हवेत, मग १३.५ च्या आसपास. अर्धपोटी राहून राहून प्लेटांवर सल्फेट साचतं. चार्जरवर बॅटरीचा प्रकार निवडायचा छोटा स्विच असतो, तो आधी बघा. स्विचच नसेल तर चार्जर बदलावा लागेल.

बॅटऱ्यांचा निवाडा सगळ्यात शेवटी. पूर्ण भरा, एकमेकींपासून सुट्या करा, रात्रभर काही न जोडता ठेवा. चांगली एजीएम १२.७ ते १२.९ दाखवेल. दोघींत ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर कमी दाखवणारी गेलीच समजा, आणि मग जोडीच बदला. परत जोडताना गाडीकडची प्लस वायर एका बॅटरीला आणि मायनस दुसरीला द्या, म्हणजे दोघींवर सारखा भार पडतो.

——

उत्तर:

मध्येच बोलतो. सरळ लिथियम टाकली तर ही कटकटच उरत नाही ना?

——

उत्तर:

उलट वाढते. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे वाट मोकळी असेल तर ती अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा वीजजनक) देईल तेवढं ओढते. साध्या रिलेवर तो अल्टरनेटर तापून मरतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो, तोच करंटला लगाम घालतो. शिवाय शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. बॅटरीच्या आत थंडीत चार्जिंग रोखणारी व्यवस्था आहे ना, हे बघूनच घ्या.

युरो ६ (युरोपचा प्रदूषण-नियम) इंजिन असेल तर बहुतेक वेळा एजीएमलाही डीसी-डीसीच हवा. तिथला अल्टरनेटर बहुधा गाडीच्या कॉम्प्युटरच्या हुकमात चालतो आणि रस्त्यावर मनाला येईल तेव्हा १२.५ पर्यंत उतरतो. ताई, तुमचे १४.३ गाडी उभी असतानाचे असतील, तर अर्धा तास चालवताना शेजारच्याला मीटर बघायला सांगा.

काम सुरू करताना बाहेरची वीज काढा, छतावर सोलर असेल तर आधी सोलर पॅनेल कंट्रोलरपासून (पॅनेल आणि बॅटरीमधला चार्ज नियंत्रक) सोडवा, मग बॅटरीचा मायनस, मग प्लस. जोडताना याच्या उलट. बॅटरी आधी काढली तर काही कंट्रोलर पॅनेलच्या व्होल्टेजने जळतात.