गाडी नक्की कितीला पडते? (पेट्रोल सोडून बोलू या)

गाडी महिन्याला कितीला पडते असं कुणालाही विचारा, उत्तर पेट्रोलचं येतं. फार तर हप्ता जोडून. २०२० साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात काही अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या सहा हजारांहून जास्त लोकांची पाहणी करून हेच मांडलं होतं. पेट्रोलचा अंदाज लोकांचा बराचसा बरोबर निघाला, पण घसारा (म्हणजे गाडीची उतरत जाणारी किंमत), विमा, कर, दुरुस्ती धरून एकूण खर्च विचारला, तर सरासरी उत्तर खऱ्या खर्चाच्या निम्म्यापर्यंतही पोचलं नाही. पेट्रोलचे पैसे आपण दर वेळी स्वतःच्या हाताने देतो म्हणून ते लक्षात राहतात. घसाऱ्याची पावती कुणी फाडत नाही.

सुरुवात मीच करते. घरात वही माझ्याकडे असते. कुणाची गाडी किती महाग हा विषयच नको, म्हणून गाडीची किंमत १०० धरते. पाच वर्षांनी विकली तेव्हा ४८ आले, म्हणजे ५२ गेले. ८० चं कर्ज होतं, ९ टक्क्यांनी पाच वर्षं. त्याचं व्याज साधारण २०. विमा पाच वर्षांचा मिळून १३. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी आणि मागच्या दाराचा डेंट मिळून ११. झाले ९६. यात पेट्रोलचा थेंब नाही. पेट्रोल ३४.

म्हणजे ज्याच्या नावाने आम्ही पाच वर्षं कुरकुर केली, तो खर्च एकूण १३० पैकी चौथ्या हिश्श्याच्या जरासा वर. सगळ्यात मोठा तुकडा घसाऱ्याचा, ज्याबद्दल घरात एकदाही बोलणं झालं नव्हतं.

तुमचे आकडे सांगा. गाडी घेतलेले, विकलेले, न घेतलेले, सगळेच लिहा. अट एकच, ‘अॅव्हरेज चांगलं देते’ एवढ्यावर थांबायचं नाही.

* * *

छान धागा. माझं उत्तर सोपं आहे, गाडी रोखीने घेतली, त्यामुळे व्याजाचा रकाना शून्य.

* * *

वरच्या प्रतिसादाला: शून्य नाही हो. तेच १०० सहा टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते तर पाच वर्षांनी १३४ च्या आसपास झाले असते. बँकेला व्याज दिलं नाहीत हे खरं, पण मिळणारं व्याज सोडलंत. तरीही रोखीने घेणं मला बरं वाटतं, कारण एकरकमी पैसे मोजायचे म्हटलं की माणूस आपोआप लहान गाडी बघतो.

* * *

मी वाहनकर्ज विभागात बरीच वर्षं काम केलं आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो.

समोर बसलेलं जोडपं किंमत विचारत नाही, ‘हप्ता किती बसेल’ विचारतं. हप्ता जड वाटला की मुदत वाढवायची, की लगेच चेहरे खुलतात. ९ टक्क्यांनी १०० चं कर्ज तीन वर्षांत फेडलं तर एकूण ११४.५ भरता. पाच वर्षांत १२४.५, सात वर्षांत १३५. गाडी तीच, रंगही तोच.

याहून महत्त्वाचं सहसा कुणी सांगत नाही. पूर्ण किमतीचं कर्ज सात वर्षांसाठी घेतलं, तर दोन वर्षं नियमित हप्ते भरूनही ७७ च्या वर मुद्दल शिल्लक असतं. गाडीची बाजारातली किंमत तोवर बहुधा त्याच्या खाली आलेली असते. पहिल्या वर्षातच पंधरा-वीस टक्के जातात. अशा वेळी गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार मोडली, तर साध्या पॉलिसीत विमा कंपनी गाडीची त्या वेळची किंमत देते, तुमचं कर्ज किती उरलंय हे ती बघत नाही. मग दारात गाडी नाही आणि हप्ता मात्र चालू, अशी माणसं मी पाहिली आहेत. सुरुवातीला जास्त रक्कम भरा म्हणून आम्ही सांगायचो तेव्हा लोकांना वाटायचं, बँक स्वतःचं बघतेय. बघत होतीच म्हणा, पण त्यात त्यांचंही भलं होतं.

* * *

असा हिशेब प्रत्येक गोष्टीचा लावला तर माणसाने घरातला पंखासुद्धा लावू नये. गाडी सोयीसाठी असते. आणि घसारा तर गेलेलाच आहे ना? गाडी दारात असताना मी टॅक्सी कशाला करू? टॅक्सीचे दोनशे आणि माझ्या पेट्रोलचे साठ, सरळ गणित आहे.

* * *

धागाकर्ती: आजच्या फेरीपुरतं तुमचं गणित अगदी बरोबर आहे. गाडी घेऊन झाली, विमा भरून झाला, मग आजच्या दिवशी तुलना पेट्रोलशी आणि थोड्या झिजेशीच करायची. घोटाळा होतो तो हेच साठ आणि दोनशे घेऊन ‘गाडी ठेवावी का’, ‘दुसरी घ्यावी का’ हे ठरवताना. तिथे पूर्ण वर्षाचा खर्च एका बाजूला आणि पूर्ण वर्षाच्या टॅक्सी, रेल्वे, भाड्याच्या गाड्या दुसऱ्या बाजूला ठेवावे लागतात.

आमची गाडी पाच वर्षांत ५० हजार किलोमीटर चालली. दुप्पट चालली असती तर पेट्रोल दुप्पट, टायरचा आणखी एक संच, विकताना थोडे कमी पैसे, असे सगळे मिळून १३० चे १७५ झाले असते. म्हणजे किलोमीटरमागे खर्च सुमारे दोन तृतीयांशावर आला असता. गाडी कमी वापरून पैसे वाचतात, पण प्रत्येक किलोमीटर महाग होतो. रोज तासभर चालणारी गाडीसुद्धा उरलेले तेवीस तास उभीच असते, आणि विमा चोवीस तासांचा भरायचा असतो.

पंख्याचं मात्र पटलं नाही. पंखा विकायला नेल्यावर तोंड पाडून परत यावं लागत नाही, कारण कुणी तो विकायलाच नेत नाही :)

* * *

गॅरेज आहे माझं. ‘फार चालवत नाही, मग खर्च कसला’ म्हणणारी गिऱ्हाइकं रोज येतात. ऐका. उभ्या गाडीची बॅटरी उतरते. टायरचं रबर न चालवताही कडक होतं, नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर दरवर्षी तपासून घ्यावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, बहुतेक कंपन्या दोन-तीन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी चालो न चालो. आणि उंदीर. वायरिंग कुरतडलेल्या गाड्यांची बिलं बघितलीत तर कपाळाला हात लावाल.

टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणाऱ्या पट्ट्याचं, तेवढं लक्षात ठेवा. सगळ्या इंजिनांना तो नसतो, काहींना चेन असते. पण असेल तर पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना बदला. चालत्या इंजिनात तुटला तर बऱ्याच इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह वाकतात, आणि बेल्टच्या कितीतरी पट खर्च होतो.

हवेचा दाब बघायला पैसे पडत नाहीत. तोही कुणी बघत नाही.

* * *

गॅरेजवाल्यांना +१. शिवाय मोठी गाडी घेतली की नुसती गाडी मोठी होत नाही. टायर मोठे, ब्रेक पॅड महाग, विमा जास्त, इंजिन ऑइलसुद्धा जास्त लागतं. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही.

* * *

आमच्याकडे आईचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. पहाटेची पाळी. त्या वेळी टॅक्सी मिळायची, पण व्हीलचेअर बघून दोघांपैकी एक चालक नाही म्हणायचा, किंवा खुर्ची डिकीत मावत नाही अशी तक्रार करायचा. चार तासांनी बाहेर आल्यावर तिला उभं राहवत नसे, तेव्हा पुन्हा तोच प्रकार.

मी हिशेब केला होता, नाही असं नाही. टॅक्सीच स्वस्त पडत होती, बऱ्यापैकी स्वस्त. तरी गाडी घेतली. जुनीच, पण डिकी मोठी आणि मागची सीट पूर्ण दुमडणारी. सेल्समन इंजिनाबद्दल सांगत होता आणि मी टेप घेऊन दरवाजा किती उघडतो ते मोजत होते. तुमच्या वहीत या खर्चाला कुठला रकाना द्यायचा ते मला माहीत नाही, मी तो औषधांच्या खर्चाखाली लिहिते.

* * *

मी फिरतीवर असतो. कंपनी किलोमीटरमागे पैसे देते. आमच्या टीममधली पोरं त्या रकमेतून पेट्रोल वजा करतात आणि उरलेले ‘सुटले’ म्हणून खर्च करून टाकतात. अरे, ते सुटलेले नाहीत! त्यात टायर आहे, क्लच प्लेट आहे, आणि चार वर्षांनी गाडीचा मीटर बघून एजंट नाक मुरडेल तो भावही आहे. कंपनी खरं तर तुमची गाडी हळूहळू विकत घेत असते. मी किलोमीटरमागचा ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकतो. बायको त्या खात्याला ‘गाडीची भिशी’ म्हणते. पुढची गाडी त्यातूनच आली, कर्ज अगदी थोडं काढावं लागलं.

* * *

आम्ही दोघा भावांत एक गाडी ठेवली आहे. पहिल्या वर्षी नुसती भांडणं. ‘टाकी रिकामी ठेवलीस’, ‘हा ओरखडा कुणाचा’, ‘सणाला तुलाच कशी मिळते’. मग वहिनीने नियम लावला: वर्षाचा विमा, सर्व्हिसिंग आणि अंदाजे घसारा निम्मा-निम्मा, बाकी किलोमीटरप्रमाणे दर, मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. ओरखडा सापडला आणि कुणी कबूल झालं नाही, तर दोघांत. तेव्हापासून शांतता आहे. शिवाय दर ठरल्यामुळे दोघेही जवळच्या कामाला पायीच जातो, कारण मीटरचा फोटो दादा बघतो!

बाय द वे, ही कल्पना काही नवीन नाही. झुरिकमध्ये १९४८ साली लोकांनी सहकारी संस्था काढून अशाच सामायिक गाड्या ठेवल्या होत्या. त्यांच्यातही ओरखड्यावरून भांडणं झाली असणारच.

* * *

इलेक्ट्रिकवाले कुणी लिहीत नाही म्हणून मी. घरी चार्ज करता येत असेल तरच किलोमीटरचा खर्च खरोखर खाली येतो. बाहेरच्या फास्ट चार्जरवरच अवलंबून राहिलात तर फरक बराच आक्रसतो. ऑइल, फिल्टर, क्लच ही बिलं गेली. गाडी जड आणि उचल जोरात, त्यामुळे टायर मात्र लवकर झिजतात. बॅटरीला बऱ्याच कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. विकताना गिऱ्हाईक आधी हेच विचारतं, हमीची किती वर्षं उरली. घसारा इथेही आहेच, उलट नवं मॉडेल जास्त पल्ल्याचं आलं की जुन्याचा भाव पटकन उतरतो.

* * *

गाडी घ्यायच्या विचारात आहे, सगळं वाचून धडकी भरली. तीन वर्षं वापरलेली घेऊ का?

* * *

धागाकर्ती: मी आत्ता तेच केलं. १०० ची गाडी तीन वर्षांनी ६० ला मिळाली. अजून पाच वर्षांनी ३० ला गेली तरी घसारा ३०, आधीच्या ५२ च्या जागी. दुरुस्तीला मात्र जास्त धरा, टायर आणि बॅटरी बहुतेक तुमच्याच वाट्याला येतात. सर्व्हिसिंगची नोंद मागा, आणि घेण्याआधी स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिककडून बघून घ्या, विकणाऱ्याच्या नको. विम्याचा आकडा सौदा ठरण्याआधी विचारून ठेवा. आणि गाडी येण्याआधीचे दोन-तीन महिने हप्ता, विमा, पेट्रोल, दुरुस्ती यांची मिळून होणारी रक्कम बाजूला काढून बघा. जमलं तर तेवढीच सुरुवातीची रक्कम वाढेल.

वरच्या गॅरेजवाल्या काकांना एक विचारायचंय: ६० हजार चाललेल्या गाडीत क्लच प्लेट संपत आली आहे हे चालवून बघताना कसं ओळखायचं?

* * *

चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग वाढला नाही, तर किंमत पाडून मागा.