नाशिकच्या हवेत रेनबो बोआ: काचेची टाकी, बंद बॉक्स, की पाळूच नये?

गंगापूररोडकर

वाद होणार हे धरूनच लिहितोय. रेनबो बोआ या परदेशी सापासाठी वर जाळीचं झाकण असलेली काचेची टाकी नाशकात चालत नाही, असं माझं मत आहे. कोकणात चालेल, मुंबईत जमेल, इथे नाही. लोक परदेशातले व्हिडिओ बघतात, वर बल्ब, मागून धुकं सोडणारं मशीन, हिरवीगार सजावट, आणि तसंच्या तसं हॉलमध्ये उभं करतात, मग मे महिन्यात साप पाण्याच्या भांड्यातून बाहेरच येत नाही म्हणून विचारत फिरतात.

हा प्राणी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. रात्री फिरणार, दिवसा ओलसर सावलीत दडून बसणार. हवेत ७५ ते ९० टक्के दमटपणा पाहिजे, पिल्लांना तर वरच्याच बाजूला. पण उष्णता बेताची. गरम कोपरा २८ ते ३० अंश, थंड कोपरा २४-२५, आणि ३२ च्या वर बराच वेळ राहिलं की हाल. आता आपल्याकडे बघा, एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० च्या आसपास आणि हवा इतकी कोरडी की दमटपणा २० टक्क्यांवर येतो. थंडीत रात्री १० च्या खाली, निफाडकडे अजून खाली. पावसाळ्याचे महिने सोडले तर आपलं हवामान या सापाच्या बाजूने कधीच नसतं.

म्हणून बंद बॉक्स. किचन ट्रॉल्या करणारे जो पीव्हीसी फोम बोर्ड वापरतात ना तोच घ्या, प्लाय नको, दमटपणाने फुगतो आणि त्यातल्या चिकटवणीचा वास वेगळाच. मोठ्या सापाला (पाच-सहा फुटांपर्यंत जातो) ४ बाय २ बाय २ फूट. पुढे सरकत्या काचा, सांधे सिलिकॉनने बंद, सिलिकॉनचा वास पूर्ण जाईपर्यंत साप आत नाही. खाली चार बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन्ही टोकांना लपायला जागा, एका लपणीत ओलं मॉस, साप आख्खा बसेल एवढं पाण्याचं भांडं. हीटिंग पॅड बाजूच्या भिंतीला आणि तोही थर्मोस्टॅटवरच, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू होणारा. थर्मोस्टॅट नको असेल तर साप पण नको, तो गरम जागेवरून आपोआप उठतो हा गैरसमज आहे, भाजून निघतात बिचारे.

आणि उन्हाळ्यात त्या खोलीत एसी लावू नका, कुलर लावा! ४० डिग्रीची २० टक्केवाली हवा नुसती २८ पर्यंत गार केली तरी दमटपणा चाळिशीच्या आतच राहतो, वर एसी त्यातलंही पाणी काढून नळीतून बाहेर सोडतो. कुलर तापमान उतरवतो आणि पाणी हवेत घालतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात या सापाला याच्याइतकं सोयीचं यंत्र नाही.

काचवाला सिडको

एवढं सगळं लिहिलंस पण मूळ मुद्दा राहिला, बघायला काय मिळणार? हा साप लोक घेतात तो त्याच्या चमकेसाठी. ते रंग अंगात नसतातच, खवल्यांवरच्या अतिशय बारीक रेघांवर प्रकाश फुटतो म्हणून निळे-हिरवे दिसतात. ती चमक बघायला प्रकाश लागतो आणि काच लागते. तू त्याला पांढऱ्या कपाटात कोंडणार आणि वर म्हणणार योग्य घर!

माझ्याकडे काचेचीच टाकी आहे. जाळीच्या झाकणाचा बहुतेक भाग अ‍ॅक्रिलिक शीटने झाकलाय, तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल, समोरची बाजू मोकळी. दमटपणा ८० च्या आसपास राहतो. कात एकसंध निघते. अजून काय पाहिजे?

गंगापूररोडकर

भाऊ, झाकण अ‍ॅक्रिलिकने बंद, तीन बाजूंना थर्माकोल. मग राहिली कुठे काचेची टाकी, तू बंद बॉक्सच केलायस की, फक्त जास्त वजनाचा 😄

आणि पुढची बाजू माझ्याकडेही काचच आहे, दिसायचं तेवढं दिसतं. आत एलईडी पट्टी लाव संध्याकाळी. दुसरं, हायग्रोमीटर (दमटपणा मोजायचा मीटर) कुठे चिकटवलाय ते सांग. वर झाकणाखाली असेल तर त्या ८० ला अर्थ नाही. साप तळाला असतो. एक मीटर गरम बाजूला जमिनीलगत, एक थंड बाजूला, दोन्ही डिजिटल. काटेवाले गोल मीटर शोभेचे असतात.

ओझरचा बागायतदार

मी साप पाळत नाही, भाचा पाळतो, पण दमटपणाचं म्हणाल तर द्राक्षवाल्यांना विचारा, आमचं निम्मं आयुष्य त्याच्यावरच चाललंय. गंगापूररोडकर, तुमच्या पूर्ण बंद डब्याला माझा विरोध आहे. हवा दमट असणं वेगळं आणि अंग ओलं राहणं वेगळं. वेलीचं पान रात्रभर ओलं राहिलं आणि हवा हलली नाही की डाऊनी (पानावरची बुरशी) आलीच समजा. सापाचंही तेच होतं, भाच्याच्या पहिल्या सापाला पोटाखालच्या खवल्यांवर तपकिरी फोड आले, डॉक्टर म्हणाले खाली चिखल आहे आणि हवा कोंडलीये. सगळं सीलबंद केल्याचा परिणाम.

डब्याला एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर अशी भोकं ठेवा, म्हणजे गरम हवा वरून जाईल, ताजी खालून येईल. फवारणी संध्याकाळी करा, सकाळपर्यंत वरचा थर कोरडा दिसला पाहिजे, ओल खालच्या थरात. पाणी वरून शिंपडत बसण्यापेक्षा एका कोपऱ्यातून तळाला सोडा, ते हळूहळू वर येतं.

अजून दोन गोष्टी. कोकोपीटची वीट आणाल ती दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं, पॉलीहाऊसवाले ईसी (क्षारांचं माप) बघितल्याशिवाय वापरत नाहीत ते उगीच नाही. आणि कृपा करून बागेतलं द्राक्षाचं जुनं खोड आणून आत ठेवू नका. दिसायला भारी दिसतं, हल्ली पोरं खरड छाटणीच्या वेळी मागायला येतात, पण त्या खोडावर वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) आणि काय काय फवारलेलं असतं ते आम्हालाच माहिती. पेरूची फांदी घ्या, परसातली, न फवारलेली, घासून धुऊन कडक उन्हात वाळवा.

गंगापूररोडकर

काका, भोकांचा मुद्दा मान्य, मी बंद म्हणतो ते जाळीच्या झाकणाच्या तुलनेत, बाजूला छिद्रं असतातच. पण किती हा प्रश्न राहतोच. मेमध्ये अर्धी झाकावी लागतात, जुलैत सगळी उघडावी लागतात. सरकती पट्टी लावा, एकदाच भोकं पाडून मोकळं होता येत नाही.

टबच बरा

तुम्ही सगळे मोठ्या सापाचं बोलताय. पिल्लू दीड फुटाचं असतं, त्याला चार फुटी बॉक्समध्ये सोडलं तर घाबरून कोपऱ्यात बसेल, खाणार नाही. झाकण लॉक होणारा प्लास्टिकचा टब, बाजूला सोल्डरिंग आयर्नने भोकं, खाली ओला किचन टॉवेल, दोन लपण्या, पाणी. दमटपणा टबात जेवढा टिकतो तेवढा कशातच टिकत नाही आणि साफ करायला पाच मिनिटं. पहिलं वर्षभर हेच. कोरडं पडून मरण्याचा धोका पिल्लालाच जास्त.

आणि नवख्यांनी आपण बोलतोय तो ब्राझिलियन रेनबो बोआ घ्यायचाच कशाला? कोलंबियन रेनबो बोआ थोडा कोरडेपणा सोसतो, मोठेपणी रंगाने साधा तपकिरी होतो पण चमक असतेच.

काचवाला सिडको

पिल्लाला टब, ठीक. पण काही लोक मोठा झाल्यावर पण टबातच ठेवतात, रॅकमध्ये ड्रॉवरसारखा. तो फांदीवर चढतो रे रात्री, बघितलंयस का कधी? त्याला उंची पाहिजे.

मीटर बघितले. तळाला ६८ आहे, लिहून टाकतो, लपवत नाही. तरी माझं मत बदललेलं नाही, कोकोपीटचा थर वाढवणार.

देवळाली कॅम्प

माझा सूर वेगळा लागेल, चालवून घ्या. घर कसं हवं यावर एवढी चर्चा चाललीये, पण हा साप घरात हवाच कशाला? वीस-वीस वर्षं जगतो. घेणारं पोरगं कॉलेजातलं, नोकरी पुण्यात नाहीतर बाहेरदेशी, आणि मग उंदीर डीप फ्रीझरमधून काढून कोमट करायचं काम आईकडे. लाईट गेली की हीटर बंद, कुलर बंद. जिथली हवा वर्षातले आठ महिने त्याला मानवत नाही तिथे यंत्रं लावून जगवायचा, कशासाठी, तर तो चमकतो म्हणून! आणि मागणी आहे म्हणूनच बँकॉकहून येणाऱ्या बॅगांमध्ये साप-सरडे कोंबून आणतात, मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता.

गंगापूररोडकर

ताई, पिंजऱ्यात पैदास झालेला प्राणी आणि बॅगेतून आलेला प्राणी यात फरक आहे. लाईटचं म्हणाल तर पॅड थोड्याच वॅटचा असतो, इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. आईचा मुद्दा मात्र... त्याला उत्तर नाहीये माझ्याकडे, ते ज्याचं त्याने घरात बोलावं.

देवळाली कॅम्प

फरक आहे हे तुम्ही म्हणताय, विकणारा सगळेच पैदाशीचे म्हणून विकतो. घेणाऱ्याला कळणार कसं?

पंचवटीचा वकील नाही

कळायचा एकच मार्ग, कागद. नाव वाचून हसू नका, कायदा वाचायची सवय आहे एवढंच. आपल्याकडचा कुठलाही साप, नाग असो धामण असो अजगर असो की ते बिचारं मांडूळ, पाळता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा. परदेशी प्राण्यांना पूर्वी यात जागाच नव्हती. २०२० मध्ये केंद्राने सहा महिन्यांची मुदत दिली, आपणहून जाहीर करा म्हणून. मग २०२२ ची दुरुस्ती आली आणि साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीतले परदेशी प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. बोआ त्या यादीच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, जुन्यांना सहा महिने दिले होते, नवा प्राणी ताब्यात आला तर तीस दिवस. एकाकडून दुसऱ्याकडे गेला, पिल्लं झाली (हा साप अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतो, तेव्हा एकदम घरभर), मेला, सगळं कळवायचं.

तेव्हा "२०२० ची पावती आहे" म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर त्याच्या नावावर आजची नोंदणी आहे का ते विचारा.

सर्पमित्र सातपूर

बॉक्स, टब, काच, काहीही करा. कुलूप लावा. कोणीच त्याच्यावर बोललं नाही म्हणून लिहितोय. सरकत्या काचेला दुकानातल्या काउंटरला असतं तसं शोकेसचं लॉक येतं, स्वस्तात मिळतं. साप काचेच्या फटीत नाक घालून रात्रभर ढकलत बसतो, आणि सहा फुटांच्या सापाची ताकद कमी नसते.

पळाला तर काय होतं माहितीये का? ब्राझिलियनच्या पाठीवर गोल काळी वलयं असतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री बॅटरीच्या उजेडात बघणाऱ्याला तो घोणसच वाटणार, आणि आपल्याकडे घोणस म्हटलं की पहिली काठी, मग फोन. बिनविषारी आहे हे सांगायला तुम्ही तिथे नसता. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, फोटो दाखवून ठेवा, त्यांना आवडो न आवडो. आणि कंटाळा आला म्हणून गोदाकाठी किंवा गंगापूर धरणाकडे सोडून द्यायचा विचारही नको. फ्लोरिडात लोकांनी सोडलेल्या आणि निसटलेल्या बर्मी अजगरांनी तिथल्या दलदलीतले ससे-रॅकून किती संपवले ते वाचा.

इंदिरानगर न्यू

सगळं वाचलं, डोकं गरगरतंय. मला एक जण कागद नंतर देतो म्हणाला, पिल्लू आहे, भाव पण कमी सांगतोय. बॉक्स अजून केला नाहीये. घेऊ का?

टबच बरा

नको.

पंचवटीचा वकील नाही

नंतर देतो म्हणजे देत नाही. सोडून दे.

गंगापूररोडकर

आधी रिकामा बॉक्स चालवून बघ. थर्मोस्टॅट लाव, मीटर लाव, पाणी घाल आणि पूर्ण मे महिना आकडे लिहून काढ, सकाळ दुपार रात्र. ३२ च्या वर गेला नाही आणि ७५ च्या खाली आला नाही तर पावसाळ्यात कागदासकट पिल्लू शोधू. एवढा महिना रिकाम्या डब्याकडे बघायचा कंटाळा आला तर तेही कळेल.

देवळाली कॅम्प

हे मात्र पटलं. बहुतेक जण मेमध्येच गळतील.

ओझरचा बागायतदार

आणि कोकोपीट धुऊन घे रे बाबा, रिकाम्या डब्यात असलं तरी.