मदत हवी आहे : डॉकरवरची साइट घराबाहेर दिसत नाही

नमस्कार मंडळी. खानापूरजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयाची साइट जुन्या लॅपटॉपवर चढवलीय. डॉकर कंपोजनं (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, एकत्र चालवायचं साधन) वर्डप्रेस (साइटचं सॉफ्टवेअर) आणि मारियाडीबी (तिचा डेटाबेस) असे दोन कंटेनर. डेटाबेसला व्हॉल्यूम (डेटा टिकून राहायची जागा) दिलाय, रीस्टार्टला 'अनलेस-स्टॉप्ड' (मुद्दाम थांबवलं नसेल तर आपोआप सुरू हो) लावलंय. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलीय आणि पावसात लाईट सारखी जाते, पण बटण दाबलं की साइट आपसूक उठते. तेवढं तरी जमलं!

घरच्या वायफायवर झकास दिसते, बाहेरून मात्र नाही. राउटरवर ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट लॅपटॉपकडं फॉरवर्ड केलेत. राउटरचा वॅन आयपी (इंटरनेट कंपनीनं दिलेला पत्ता) १००.७२ नं सुरू होतो, म्हणजे सीजीनॅटच (एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला) ना? मग स्टॅटिक आयपीचे (स्वतःच्या कायम पत्त्याचे) पैसे मोजायचे, की क्लाउडफ्लेअर टनेलचा (क्लाउडफ्लेअर कंपनीमार्फत साइट बाहेर दाखवायच्या सोयीचा) तिसरा कंटेनर जोडायचा? बेळगाव-निपाणीकडं कुणी केलंय का? टनेलमध्ये साइटचा पत्ता लोकलहोस्ट ('हेच मशीन') लिहायचा की वर्डप्रेसच्या सर्व्हिसचं (कंपोजमधलं) नाव, तिथंही घोळ होतोय.