एचडी ६५० आणि संवेदनशील इन-इअर, दोन्हींसाठी एकच डेस्कटॉप ॲम्प्लिफायर चालेल का?

मंद्रसप्तक (प्रश्न):

माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन आणि कॅम्पफायर ऑडिओचे अँड्रोमेडा हे इन-इअर (कानाच्या आत बसणारे इअरफोन) आहेत. संगणकाला जोडलेला डॅक (डिजिटल संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) २ व्होल्टचे लाइन आउटपुट देतो आणि त्यापुढे ९ व्होल्टपर्यंत जाणारा एक जुना ॲम्प्लिफायर आहे. हेडफोन त्यावर उत्तम वाजतो. इन-इअर लावले की मात्र गाणे थांबवलेले असतानाही अखंड 'सूं' असा आवाज ऐकू येतो. शिवाय नॉब शून्यापासून किंचित फिरवला की आधी केवळ डाव्या कानात आवाज येतो आणि उजवीकडे तो पोहोचेपर्यंत एकूण पातळी रात्रीच्या ऐकण्यासाठी फार मोठी झालेली असते. माझे ऐकणे मुख्यतः ख्याल गायनाचे असल्यामुळे आरंभीच्या आलापीत, जिथे तानपुऱ्याखेरीज फारसे काही नसते, तिथे हा दोष विशेष खटकतो. अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर घेतल्यास फरक पडेल का? एचडी ६५० सोबत व्हॉल्व्हच्या ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) ॲम्प्लिफायरची फार स्तुती वाचली आहे. तो दोन्हींसाठी चालेल का?

रोहित्र:

अधिक शक्तीने काहीच साधणार नाही, उलट त्रास वाढण्याचीच शक्यता आहे. थोडे गणित मांडतो. एचडी ६५० ची संवेदनशीलता १ व्होल्टला १०३ डेसिबल आहे. म्हणजे ११० डेसिबलचे उच्चांक गाठायला त्याला सुमारे २.२ व्होल्ट, अर्थात जेमतेम १७ मिलिवॉट लागतात. आपल्या डॅकचे २ व्होल्ट कोणतीही वाढ न करता, म्हणजे एकपट गेनवर, त्याला दिले तरी १०९ डेसिबल मिळतात. 'तीनशे ओहम' हा आकडा वाचून लोक वॉटच्या मागे धावतात, पण या हेडफोनची भूक व्होल्टेजची आहे आणि तीही माफक आहे.

आता अँड्रोमेडाकडे पाहा. कंपनीच्या आकड्यानुसार त्याला ९४ डेसिबलसाठी फक्त ७ मिलिव्होल्ट पुरतात, म्हणजे १ व्होल्टला हिशेबाने सुमारे १३७ डेसिबल होतात. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट १० मायक्रोव्होल्ट असेल, तर तो या इन-इअरमध्ये ३७ डेसिबलने वाजतो आणि कान बंद असताना शांत खोलीत तो सहज ऐकू येतो. तोच गोंगाट १ मायक्रोव्होल्टवर आणला, तर १७ डेसिबल उरतो, जो बहुतेकांना जाणवणार नाही.

माहितीपत्रकातील सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तर (गाण्याची पातळी गोंगाटाच्या किती वर आहे ते) इथे फसवे ठरते, कारण ते बहुधा कमाल आउटपुटच्या तुलनेत दिलेले असते. '१२० डेसिबल' हे वाचायला भारदस्त वाटते, परंतु कमाल आउटपुट ९ व्होल्ट असेल तर त्याचा अर्थ ९ मायक्रोव्होल्टचा गोंगाट असा होतो, आणि आपली तक्रार नेमकी तीच आहे. म्हणून ५० मिलिव्होल्टवरचे गुणोत्तर शोधावे. ऑडिओ सायन्स रिव्ह्यू या संकेतस्थळावरच्या मोजमापांत ते सापडते. तिथे ९० डेसिबल किंवा अधिक असेल, तर गोंगाट १.६ मायक्रोव्होल्टच्या आत आहे असे समजावे. निवड इन-इअरकडे पाहून करावी. एचडी ६५० त्यात आपोआप सामावून जाईल.

निषाद:

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. ओटीएलचा विचार मात्र इन-इअरसाठी पूर्णपणे सोडून द्यावा. बॉटलहेड क्रॅक या प्रसिद्ध ओटीएल ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स (त्याच्या आउटपुटचा स्वतःचा विद्युत अडथळा) सुमारे १२० ओहम आहे. ३०० ओहमच्या हेडफोनला तो मानवतो, पुष्कळांना आवडतोही. परंतु अँड्रोमेडासारख्या, अनेक ड्रायव्हर (ध्वनी निर्माण करणारे घटक) असलेल्या बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारच्या इन-इअरचा इम्पिडन्स वारंवारतेनुसार मोठ्या प्रमाणात बदलतो. समजा, तो एका ठिकाणी ४ ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी २० ओहम आहे. आउटपुट इम्पिडन्स १० ओहम असेल, तर या दोन ठिकाणच्या पातळीत ७ डेसिबलहून अधिक तफावत पडते. १ ओहम असेल तर सुमारे दीड डेसिबल, आणि ०.१ ओहम असेल तर ती नगण्य होते. म्हणजे तेच इन-इअर वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरवर अक्षरशः वेगळ्या स्वरवर्णाचे वाजतात. 'न्वॅवगाय' या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभियंत्याने २०११ मध्ये ओटू ॲम्प्लिफायरची रचना खुली केली, तेव्हापासून एक-अष्टमांशाचा नियम, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाहून जास्त नसावा हा, बराच रूढ झाला. आपल्या इन-इअरसाठी मी त्याहून कडक राहीन आणि अर्ध्या ओहमच्या वरचे काही घेणार नाही.

एक चाचणी सुचवतो. जुन्या ध्वनिमुद्रणांत टेपची सळसळ मुळातच असते आणि ती नॉबबरोबर कमी-जास्त होते. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट नॉब शून्यावर नेला तरी तसाच राहतो. दोन्हींची गल्लत करून चांगला ॲम्प्लिफायर विकून टाकलेले लोक मी पाहिले आहेत.

खर्ज:

माझे मत थोडे वेगळे आहे. एकाच पेटीचा हट्ट कशासाठी? इन-इअरसाठी साधा यूएसबी डोंगल (डॅक आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेला छोटा जोड) घ्यावा. ॲपलचा डोंगलसुद्धा संगणकावर १ व्होल्टपर्यंत देतो आणि त्याचा आउटपुट इम्पिडन्स साधारण १ ओहमच्या घरात आहे. जुना ॲम्प्लिफायर हेडफोनसाठी राहू द्यावा. पैसे वाचतील आणि चुकून हाय गेनवर इन-इअर लावण्याचा धोकाही टळेल.

रोहित्र:

काटकसरीच्या दृष्टीने हे योग्यच आहे, फक्त निषाद यांच्या अर्ध्या ओहमच्या कसोटीत तो डोंगल बसत नाही. शिवाय नवीन खरेदीपूर्वी एक विनाखर्च उपाय आहे. नॉबच्या तळाशी डावे-उजवे न जुळणे हा दुहेरी पोटेन्शिओमीटरचा (नॉबमागे दोन्ही बाजूंची पातळी एकत्र बदलणाऱ्या घटकाचा) स्वभाव आहे. प्लेअरमध्ये पातळी २० डेसिबलने कमी करावी आणि आउटपुट २४ बिट ठेवावे, म्हणजे नॉब तेवढाच वर, जुळणाऱ्या भागात येईल. डॅकचा गोंगाट नॉबमुळे पुढे दबतो, त्यामुळे यात फारसे नुकसान नाही.

मंद्रसप्तक:

करून पाहिले. डाव्या-उजव्याचा प्रश्न मिटला, पण 'सूं' तसाच आहे आणि नॉब शून्यावर असतानाही ऐकू येतो. म्हणजे तो ॲम्प्लिफायरचाच. अमेरिकेतील भावाकडून जेडीएस लॅब्जचा ॲटम हा ॲम्प्लिफायर मागवावा का, की ४.४ मिलिमीटरचे बॅलन्स्ड आउटपुट (प्रत्येक बाजूला एकमेकांच्या उलट असे दोन संकेत देणारे) असलेले काही पाहावे?

निषाद:

बॅलन्स्डसाठी जास्त पैसे देऊ नयेत. त्यात व्होल्टेज साधारण दुप्पट होते, गोंगाटही बहुधा वाढतो, आणि आपल्याला नेमके याच्या उलट हवे आहे. मूळ ॲटममध्ये एकपट आणि साडेचारपट असे दोन गेन आहेत. इन-इअरसाठी एकपट वापरावा. मात्र त्याचा अडॅप्टर १६ व्होल्ट एसी देणारा असतो. अमेरिकेतील १२० व्होल्टचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावता येणार नाही, आणि येथील राउटरचा डीसी अडॅप्टर त्याऐवजी चालणार नाही. २३० व्होल्टचा एसी अडॅप्टर मिळण्याची खात्री आधी करून घ्यावी.

तोपर्यंत इन-इअरसाठीचा २० डेसिबलचा ॲटेन्युएटर जुन्या ॲम्प्लिफायरला लावून पाहावा. तो गाणे आणि गोंगाट दोन्ही दहापटीने खाली आणतो, त्यामुळे ९ मायक्रोव्होल्टचे ०.९ होतील. हा जोडल्यावर प्लेअरमधील पातळी पुन्हा पूर्ण करावी. ॲटेन्युएटरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स मात्र विचारून घ्यावा, कारण काहींमध्ये तो कित्येक ओहम असतो आणि मग वरची सगळी चर्चा पाण्यात जाते. ॲम्प्लिफायर कोणताही असो, तो सुरू करून काही सेकंद थांबल्यावरच इन-इअर जोडावेत.