वांग आणि मुरमांच्या डागांसाठी केमिकल पील: आत्ता करू का?

ओसरी:
मालवणजवळ आमचं होमस्टे आहे. दोन्ही गालांवर वांग आलंय, हनुवटीवर मुरमांचे जुने डाग. डिसेंबरात दिराचं लग्न. पार्लरवाली म्हणते, "ताई, एकच स्ट्राँग पील घेऊ, अ‍ॅसिडने वरची कातडी सोलली की चेहरा उजळून निघेल." सध्या मे, पाहुण्यांची वर्दळ, बाजारहाट माझ्याकडेच. करून टाकू का? कोणतं घ्यावं?

सागरगोटा:
मे महिन्यात? नको गो बाय! पाऊस लागू दे, वॉटरस्पोर्ट बंद झाले की तुलाही उसंत मिळेल. मी रत्नागिरीत मुरमांसाठी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं पील केलंय. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, ओठ यांना व्हॅसलीन लावतात, मग ब्रशने पील. चुणचुण चांगलीच होते. थोड्या वेळात चेहऱ्यावर पांढरी पूड धरते, ती औषधाचीच, घाबरू नकोस. मग काही दिवस तोंडाभोवती सालपटं. हात शिवशिवले तरी सोलायची नाहीत! डाग बरेच फिके झाले. खड्डे होते तिथेच आहेत.

बिब्बा:
आणि कोणी काजूच्या टरफलाचं तेल सुचवलं तर पळ काढा. हा आमच्याकडचा फुकटचा, कातडी भाजणारा पील.

कातडीवैद्य:
मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. आंबे उतरवताना चीक उडालेली जागा महिनोन्महिने काळी राहते ना? सावळ्या त्वचेत पील खोल गेलं की तेच होतं. त्यामुळे "एकच स्ट्राँग" म्हटलं की तिथून उठायचं. वांगाला सौम्य पील, 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने, साधारण 4 ते 6 वेळा. ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं पील वेळेवर न्यूट्रलाइज केलं नाही, म्हणजे अ‍ॅसिडचा परिणाम थांबवला नाही, तर भाजतं. मॅन्डेलिक अ‍ॅसिडचा रेणू मोठा, हळू मुरतो, म्हणून आपल्याकडे बरं. टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड) डॉक्टरशिवाय नकोच.

पण वांगात पील दुय्यम. आधी काही आठवडे सनस्क्रीन आणि डॉक्टरने दिलेलं क्रीम. सनस्क्रीन टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, वांगाला तोही भोवतो. ढगाळ दिवशीही लावायचं, आणि घाम आला की पुन्हा. गरोदर असाल, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा ओठावर वरचेवर फोड येत असतील, तर आधीच सांगा. जुलैत सुरुवात करून दिवाळीआधी उरका.

ओसरी:
पाऊस पडेपर्यंत थांबते मग. सध्या एक ट्यूब लावतेय, पार्लरमधूनच मिळाली. त्यावर मोमेटासोन लिहिलंय. चालेल ना?

कातडीवैद्य:
मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, एकदम बंद केलं की चेहरा भडकतो. ती ट्यूब सोबत घेऊन याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरकडे जा, कशी थांबवायची ते विचारा. त्वचा पूर्ववत होईपर्यंत पीलचं नाव काढू नका.